रिमोट जरा लांब ठेवा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की घरी बसून परदेशी सिनेमा लावला आणि अर्धवट सोडला, तर दोष बऱ्याचदा सिनेमाचा नसतो, हातातल्या रिमोटचा असतो. त्यावर पत्रं आली, मेसेज आले, दोघातिघांनी तर चांगलंच झापलंय. एकाने विचारलंय की तुम्ही समीक्षक आहात का. नाही हो. मी कुठला कोर्स केलेला नाही, रात्री घरातली सगळी आवराआवर झाली की सोफ्यावर पाय वर घेऊन सिनेमा बघणारी बाई आहे मी, आणि बघून झाला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप येत नाही म्हणून हे सदर. तेव्हा खाली जे काही आहे ते एका प्रेक्षकाचं मत आहे, पटलं तर घ्या नाहीतर सोडा.

प्रश्न : सबटायटल वाचायची की चित्र बघायचं? माझं इंग्रजी बेताचं आहे. एक ओळ वाचून होईस्तोवर दुसरी येते, आणि मान वर करून बघतो तर तो माणूस गोळी खाऊन पडलेला असतो. कोणी मारला तेच कळत नाही.

हसले मी, पण माझंही सुरुवातीला अगदी हेच व्हायचं. मुळात सबटायटल लिहिणारा मुद्दाम कमी लिहितो हे लक्षात घ्या. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४०-४२ अक्षरं आणि एक सबटायटल फार तर ७ सेकंद, असा साधारण हिशेब असतो. म्हणजे पात्र बोलतं ते सगळं खाली उतरतच नाही, त्याचा गाभा तेवढा उतरतो. तुम्ही ते धडा वाचल्यासारखं शब्द न शब्द वाचायला जाता आणि तिथेच अडकता. पेपरचं हेडिंग कसं वाचतो आपण, नजर टाकली न टाकली की कळतं, तसं वाचा. आठ-दहा सिनेमे गेले की आपण वाचतोय हेच विसरायला होतं, खोटं नाही सांगत.

आणि कधीकधी खालची ओळ वरच्या बोलण्याचा अर्थ नसतेच, सोय असते. 'पॅरासाइट' (२०१९) बऱ्याच जणांनी बघितलाय म्हणून तोच घेते. त्यातली श्रीमंत मालकीणबाई फोनवरून एक पदार्थ करून ठेवायला सांगते, कोरियनमध्ये तो 'चापागुरी', दोन वेगवेगळ्या ब्रँडचे इन्स्टंट नूडल्स एकत्र करून होणारा प्रकार. हे बाहेरच्या माणसाला दोन ओळीत काय समजावणार? तर भाषांतर करणाऱ्याने इंग्रजीत 'रामडॉन' असा नवाच शब्द पाडला, रामेन अधिक उडॉन. तसंच बनावट सर्टिफिकेट बघून बाप मुलीचं कौतुक करतो तिथे मुळात सोलच्या युनिव्हर्सिटीचं नाव आहे, इंग्रजीत ऑक्सफर्ड झालंय. मला हे आवडतं. जोक पोचला पाहिजे ना.

डबिंग वाईटच असं मी म्हणणार नाही. जुन्या इटालियन सिनेमांत तर खुद्द इटालियन आवाजसुद्धा बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरलेले असायचे, त्यामुळे 'मूळ आवाज' वगैरे फार सोवळं पाळायचं कारण नाही. पण जपानी म्हातारा जेव्हा नुसतं घशातून हुंकार देतो ना, त्या हुंकाराचं डबिंग होत नाही. तो हुंकारच निम्मा अभिनय असतो.

तुमच्यासाठी दोन सोयी सांगते. एक, इंग्रजी सबटायटलचे बऱ्याचदा दोन प्रकार दिलेले असतात, एकात दार वाजलं, पाऊस पडतोय असलं सगळं कंसात येतं. ते ऐकू न येणाऱ्यांसाठी फार मोलाचं आहे, पण तुम्हाला वाचायचा ताण होतोय तर दुसरा साधा प्रकार निवडा. दोन, पॉज करा, दहा सेकंद मागे जा, दहादा जा, कोण बघतंय घरात! माझा नियम एवढाच आहे की मागे जायचं, पुढे ढकलायचं नाही. आणि सुरुवात 'फ्लो' (२०२४) पासून करा. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसचा अ‍ॅनिमेशनपट, पूर आलेल्या जगात एक मांजर आणि बरोबर दोनचार प्राणी, अख्ख्या सिनेमात एक शब्द बोललेला नाही. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलाय आणि २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर घेऊन गेलाय. मांजराला इंग्रजी येत नाही, तुमचीही अडचण नाही.

प्रश्न : तुम्ही कौतुक केलंत म्हणून तो लांबलचक बेल्जियन सिनेमा लावला. बाई बटाटे सोलते. मग भांडी घासते. मग दिवा बंद करते. मग परत बटाटे. शेवटी दीडपट स्पीडने पळवला तरी संपेना. ह्याला सिनेमा म्हणायचं तर तो आमच्या घरी रोज चालू असतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला बक्षीस द्यायला हवं, कारण सिनेमाचं म्हणणं तेच आहे.

बाकीच्या वाचकांसाठी, हा शांताल अकरमनचा १९७५ चा 'जान डिलमन', २०१ मिनिटांचा, पूर्ण नावात त्या बाईचा ब्रसेल्समधला घर नंबर आणि रस्त्यासकट पत्ताच आहे. अकरमन तेव्हा जेमतेम पंचविशीची. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं, त्यात २०२२ साली हा पहिला आला, बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा तिथे पहिल्यांदाच पहिला. त्यावर भरपूर वाद झाले. मला त्या नंबरशी देणंघेणं नाही, पण तुम्ही दीडपट स्पीडने बघितलात तिथे माझा जीव कळवळला.

कारण त्या सिनेमात घडतं ते सगळं लयीत घडतं. पहिल्या दिवशी ही बाई घड्याळासारखी चालते. खोलीतून बाहेर पडली की दिवा बंद, दुसऱ्या खोलीत शिरली की दिवा चालू, पैसे टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकायचे, झाकण ठेवायचं, मुलाचे बूट पॉलिश करायचे, सगळं जिथल्या तिथे. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, आपल्याला काही सुचवत नाही. आपण कंटाळतो. कंटाळता कंटाळता तिचं वेळापत्रक आपल्याला पाठ होतं, आणि ते पाठ व्हावं म्हणूनच ती पहिली लांबण आहे. मग दुसऱ्या दिवशी त्या झाकणाची गोष्ट. पैसे टाकून ती निघून जाते आणि झाकण ठेवायचं राहतं. बस, एवढंच. पण मी अक्षरशः सोफ्यावर सरळ होऊन बसले, अगं झाकण! मग कळतं की बटाटे जास्त शिजलेत. ते पातेलं हातात धरून ती ह्या खोलीतून त्या खोलीत जाते, परत येते, ते कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. चांगली कामसू बाई, आणि हातातल्या पातेल्याचं काय करायचं ते कळेना! त्यानंतर हातातून ब्रश निसटतो, घातलेल्या कपड्याचं एखादं बटण लावायचं राहतं, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. एखाद्या खुनाच्या सिनेमात एवढी भीती मला वाटलेली नाही. आता हे दीडपट स्पीडने बघितलं तर काय दिसणार? बाई लगबगीने कामं करतेय एवढंच.

शेवट सांगत नाही. तो सांगितला तर तुम्ही दोनशे मिनिटं वाट बघत बसाल, आणि तो सिनेमा वाट बघण्याचा नाहीच.

एक कबुली देते, मीही तो एका बैठकीत नाही बघितला. सिनेमात तीन दिवस आहेत आणि दिवस संपला की पडद्यावर तसं लिहून येतं, मी तीन रात्रींत बघितला, एका रात्री एक दिवस. कट्टर लोक मला फाडून खातील, पण थिएटरमध्ये जे करता येत नाही ते घरी करता येतं तर का नाही करायचं? थांबणं वेगळं आणि पळवणं वेगळं.

पळवल्याने काय जातं त्याचं आणखी एक उदाहरण देते कारण ते माझ्याच बाबतीत झालंय. रोमानियाचा 'फोर मन्थ्स, थ्री वीक्स अँड टू डेज' (२००७), क्रिस्तियान मुंजिउचा, कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक पाम दोर मिळालेला. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत गर्भपात गुन्हा होता, त्या काळातल्या दोन कॉलेजच्या मैत्रिणींची एका दिवसाची गोष्ट. एक मैत्रीण हॉटेलच्या खोलीत जिवाच्या भीतीने पडलीय आणि दुसरीला बॉयफ्रेंडच्या आईच्या वाढदिवसाला जाऊन बसावं लागतं. टेबलाभोवती माणसं खच्चून बसलेली, मध्ये ही मुलगी, कॅमेरा समोर ठोकल्यासारखा. पाहुणे काय वाट्टेल ते बोलतायत, आजकालची मुलं कशी, आमच्या वेळी कसं होतं. मी म्हटलं हे काय लांबवलंय, पुढे ढकललं दोनदा. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीशी बोलताना ती म्हणाली, आणि तो फोन वाजत राहतो तेव्हा काय होतं ना! कुठला फोन? माझ्या सिनेमात फोन वाजलाच नव्हता. परत लावला. मागे कुठेतरी फोन वाजतोय, कुणी उठत नाही, ह्या मुलीच्या चेहऱ्यावर तो फोन दिसतोय आणि तिला उठता येत नाही. हे सगळं मी दोन बटणं दाबून घालवलं होतं. त्या रात्रीपासून सिनेमा लावला की रिमोट टीव्हीशेजारी ठेवते, हात पुरणार नाही असा. मागच्या अंकात ते वाक्य लिहिलं ते ह्यामुळे.

प्रश्न : काही सिनेमांत टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळं दिसतं, चित्र मध्येच चौकोनी. टीव्ही बिघडला का? मुलाने झूम करून दिलं पण आता लोकांची डोकी कापली जातात.

टीव्ही ठीक आहे, मुलाला झूम काढायला सांगा. काही दिग्दर्शक मुद्दाम जुन्या चौकोनी आकारात सिनेमा करतात. पोलंडचा 'इडा' (२०१३) बघा, कृष्णधवल, जेमतेम ८२ मिनिटांचा, त्यात माणसं चौकटीच्या अगदी तळाशी ठेवलीत आणि डोक्यावर रिकामी भिंत नाहीतर आभाळ. झूम केलंत की ते आभाळच गेलं, मग उरलं काय. आणि झाविए दोलानचा 'मॉमी' (२०१४) तर पूर्ण चौरस आहे, लांबी-रुंदी सारखी, बघताना गुदमरल्यासारखं होतं. मग एका क्षणी त्यातला पोरगा रस्त्यात मस्त मोकळा होतो आणि दोन्ही हातांनी चित्राच्या कडा ढकलून बाजूला करतो, पडदा खरोखर रुंद होतो. मी एकटीच होते आणि टाळ्या वाजवल्या. झूम केलेल्या टीव्हीवर ह्यातलं काहीच कळलं नसतं.

जाता जाता आणखी एक सेटिंग बघून घ्या. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं ह्या वेगाने शूट होतो, आणि नवे टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रं तयार करून भरतात म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेटला ठीक आहे. सिनेमा मात्र डेली सोपसारखा दिसायला लागतो, १९५०च्या दशकातली जपानी कलाकृती आणि सासू-सुनेची मालिका एकाच स्टुडिओत शूट केल्यासारखी. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय पण त्यात 'मोशन' हा शब्द बहुतेकदा असतो, तो बंद करा. काही टीव्हींमध्ये 'फिल्ममेकर मोड' असतो, तो लावला की ही सगळी भानगड एकदम जाते.

प्रश्न : कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा तर लगेच धडाम म्युझिक आणि शेजारी जागे. उपाय?

सिनेमाचा आवाज थिएटरच्या चहूबाजूंच्या स्पीकर्ससाठी बनवलेला असतो आणि संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. आपल्या टीव्हीला खाली नाहीतर मागे तोंड केलेले दोन चिमुकले स्पीकर, त्यात सगळं कोंबलं जातं आणि बोलणं दबतं. ऑडिओच्या यादीत ५.१ (पाच-सहा स्पीकरवाला) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरवाला) असेल तर तो निवडा, टीव्हीत 'नाइट मोड' किंवा संवाद स्पष्ट करणारं सेटिंग असलं तर लावा. नाहीतर हेडफोन. मी हेडफोनवालीच आहे.

प्रश्न : 'इंडी' म्हणजे नक्की काय? कमी पैशात केलेला, न चाललेला सिनेमा म्हणजे इंडी असं माझा मित्र म्हणतो.

मित्र मजेशीर दिसतोय. इंडिपेंडंट म्हणजे मोठ्या स्टुडिओचा पैसा नाही, आणि म्हणून स्टुडिओची ढवळाढवळही नाही. बाकी चालणं न चालणं नशिबावर. पैसे कमी असतात हे खरं, पण पैसे कमी पडले की डोकं कुठे चालवलं जातं ते बघायला मजा येते. 'कोहिरन्स' (२०१३) घ्या, आठ मित्रमैत्रिणी रात्री एका घरात जमलेत, आकाशात धूमकेतू आहे, लाइट जातात आणि मग काहीतरी भलतंच सुरू होतं. ते घर दिग्दर्शकाचं स्वतःचं, शूटिंग पाच रात्रींत उरकलेलं, आणि नटांना पूर्ण स्क्रिप्टच दिलेलं नव्हतं, ज्याला त्याला त्या दिवसापुरत्या चिठ्ठ्या. त्यामुळे ते गोंधळलेले दिसतात ते खरोखर गोंधळलेले आहेत. सायफाय सिनेमाला अवकाशयान लागतं असं ज्याला वाटतं त्याने हा बघावाच, इथे काय लागलं तर काही रंगीत ग्लो स्टिक्स.

'प्रायमर' (२००४) ची कीर्ती जास्त. साधारण ७,००० डॉलरमध्ये केलेला टाइम मशीनचा सिनेमा, शेन करूथने लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, संगीत, एडिटिंग सगळं स्वतःच केलं, आणि सनडान्स फेस्टिव्हलचं मोठं पारितोषिक मिळवलं. फक्त ७७ मिनिटं आहे. मी तीनदा बघितला. पहिली चाळीस मिनिटं कळतात, नंतर कोण कुणाच्या आधी मशीनमध्ये शिरलं ते मला आजही सांगता येणार नाही, लोकांनी त्याचे तक्ते काढलेत म्हणे, ते बघूनही नाही कळलं. आणि मला त्याची लाज वाटत नाही. गॅरेजमध्ये दोन कंटाळलेले इंजिनिअर ज्या सुरात बोलतात तो सूर इतका खरा आहे की मशीन चालतं की नाही ह्याचं मला पडलेलंच नाही.

शॉन बेकरचा 'टँजरीन' (२०१५) आयफोन ५ एस वर शूट केला म्हणून गाजला, फोनवर वरून एक लेन्स लावली होती. पण लोक फोनबद्दलच बोलतात आणि त्या दोन ट्रान्स मैत्रिणींबद्दल बोलत नाहीत ह्याचा मला राग येतो. लॉस एंजेलिसच्या फुटपाथवरून तरातरा चालणाऱ्या, भांडणाऱ्या, आणि शेवटी कपडे धुवायच्या दुकानात एक दुसरीसाठी जे करते ते! फोन कुणाकडेही असतो हो. ह्याच बेकरने पुढे 'अनोरा' केला आणि एका रात्रीत स्वतःच्या नावावर चार ऑस्कर नेले.

तरी एक कबूल करते, बरेच इंडी सिनेमे रटाळ असतात. दोन माणसं, एक खोली, आणि कॅमेरा हातात धरून गदागदा. हात थरथरला म्हणजे वास्तववाद झाला असं नाही.

प्रश्न : आमच्याकडे टीव्ही हॉलमध्ये, सगळे एकत्र बसतात. फॉरेन सिनेमा लावला की कधी काय येईल भरवसा नाही, त्यामुळे तुम्ही म्हणता तसा रिमोट लांब ठेवणं आम्हाला परवडणारं नाही!

मान्य. पूर्ण मान्य. मीही एकदा सासऱ्यांसमोर 'काही नाही, फ्रेंच कौटुंबिक आहे' म्हणून लावला होता आणि विसाव्या मिनिटाला त्यांना अचानक औषधाची आठवण झाली. दोघांनीही तो विषय परत काढला नाही.

तुमच्यासाठी इराण आहे. तिथल्या सेन्सॉरमुळे पडद्यावर बाई-पुरुष एकमेकांना हातसुद्धा लावू शकत नाहीत, घरातल्या घरातही बाईचं डोकं झाकलेलं. हे बंधन वाईटच आहे, त्यापायी कितीतरी दिग्दर्शकांनी भोगलंय. पण त्यातून वाट काढता काढता त्यांनी जे केलं ते आजोबांपासून नातवापर्यंत सगळे बघू शकतात. माजिद मजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७), बहीण-भावात बुटांचा एकच जोड, तिची शाळा सुटली की ती गल्लीबोळांतून धावत येते, बूट काढून देते आणि तेच घालून तो शाळेला पळतो. किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' (१९८७) त्याहून साधा, चुकून मित्राची वही घरी आलीय, ती नाही पोचवली तर मास्तर मित्राला शाळेतून काढतील, आणि मोठी माणसं ह्या पोराचं ऐकूनच घेत नाहीत. त्यातले आजोबा खिशात सिगारेट असताना नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, का तर मुलाला ऐकायची सवय लागावी. हा सीन चालू असताना घरातल्या ज्येष्ठांकडे हळूच बघा.

सासऱ्यांबरोबर बघितलेला आणि दोघांनाही न अवघडवणारा सिनेमा म्हणजे ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला जातात, मुलांना वेळ नसतो, एवढंच. पण सुरुवातीलाच एक प्रकार आहे. दोघं बॅग भरतायत, प्रवासात घ्यायची हवेची उशी सापडत नाही. म्हातारा म्हणतो तुझ्याकडे दिली, ती म्हणते माझ्याकडे नाही, तो म्हणतो असणारच. आणि थोड्या वेळाने त्याच्याच सामानात सापडते. आवाज चढत नाही, कुणी माफी मागत नाही, 'हां, मिळाली' एवढ्यावर विषय संपतो. सासरे हसले आणि सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, चष्म्याचं आमचं अस्संच. बाकी सिनेमात ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली असतो आणि जवळजवळ हलतच नाही वगैरे मी त्यांना सांगणार होते, ते राहूनच गेलं.

प्रश्न : तुम्हाला बाहेरचं ते सगळं भारी वाटतं. पुरस्कार मिळाला की तुम्ही माना डोलावता. एकदा तरी न आवडलेला सिनेमा सांगा.

एक कशाला. हंगेरीच्या बेला टारचा 'सातान्तँगो' (१९९४), सात तासांच्या वर आहे, मी दोन तासांनी सोडला. गाई गोठ्यातून बाहेर येऊन गावातून चालत जातात तो पहिला शॉट मला आवडला होता, मग चिखल, पाऊस, परत चिखल. लोक म्हणतात तो बघताना काळाचं भान हरपतं, माझं काही हरपलं नाही, मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. आता म्हणाल रिमोटला दोष देणारी तुम्हीच! बरोबर आहे. पण मी पळवला नाही, बंद केला. माझ्या लेखी हे जास्त प्रामाणिक आहे.

आणि पाम दोरवाला हवा असेल तर 'ट्रँगल ऑफ सॅडनेस' (२०२२). सुरुवातीला रेस्टॉरंटचं बिल कुणी द्यायचं ह्यावरून एक मॉडेल जोडपं भांडतं, टेबलावरून टॅक्सीत, टॅक्सीतून लिफ्टमध्ये भांडण लांबत जातं, तो भाग अस्सल सोनं आहे. मग यॉटवर सगळे श्रीमंत लोक ओकायला लागतात ते किती वेळ ओकतात! श्रीमंत माणसं पोकळ असतात हे मला पहिल्या ओकारीत कळलं होतं. उरलेल्या ओकाऱ्या कुणासाठी होत्या?

प्रश्न : 'अ सेपरेशन' बघितला. शेवटी ती मुलगी आईकडे जाते की वडलांकडे? माझ्या कॉपीत ते कापलंय का?

नाही कापलेलं, ते सिनेमात नाहीच. असगर फरहादीचा हा २०११ चा इराणी सिनेमा, परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर मिळालेला. नवरा-बायको वेगळे होतायत, कोर्टात जज मुलीला विचारतात की तुझं काही ठरलंय का, ती हो म्हणते, आणि आईबापांना बाहेर थांबायला सांगतात. ते दोघं कॉरिडॉरमध्ये, मध्ये काचेचं दार, तो अलीकडे ती पलीकडे. लोक येतायत जातायत. आणि त्यावरच नावं यायला लागतात.

पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की काहीतरी कापलंय. झालं असं की नावं सुरू झाल्याबरोबर अ‍ॅपने चित्र आक्रसून कोपऱ्यात टाकलं आणि मोठ्या अक्षरात दुसरंच काहीतरी दाखवून पाच, चार, तीन मोजायला सुरुवात केली. रिमोट टीव्हीशेजारी. मी उठून धावले तोवर कुठल्यातरी विनोदी मालिकेचं टायटल साँग सुरू झालं होतं. ते दोघं त्या कॉरिडॉरमध्ये किती वेळ थांबले, एकमेकांकडे बघितलं का, मला काही कळलं नाही. आपोआप पुढचं लावायचं ते सेटिंग प्रोफाइलमध्ये कुठेतरी खोल असतं, ते शोधून बंद केलं आणि शेवटची दहा मिनिटं परत लावली. तुम्हीही लावा. नावं येत राहतात आणि ते तिथेच थांबलेले आहेत.